घोडा म्हणजे बैल नव्हे

वर्धा जिल्ह्यातला आर्वी-कारंजा हा गवळाऊ गाई-बैलांचा मुलूख. हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. इथल्या शेतकऱ्याला बैलाच्या पोटाची जाण असते. पंचाईत होते ती वरातीच्या घोड्याला शूळ उठल्यावर, कारण त्यालाही बैलाचाच उपाय केला जातो. बरेच गैरसमज तिथूनच सुरू होतात.

पहिला तेलाचा. बैलाचं पोट फुगलं की बांबूच्या नळीनं गोडं तेल पाजतात, तसं घोड्यालाही पाजायचं. पण बैलाच्या कोठ्यात १०० लिटरहून जास्त मावतं आणि घोड्याचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. भरलेल्या जठरात भर पडली तर ते फुटू शकतं, आणि तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसं बिघडतात. म्हणून डॉक्टर नाकातून नळी घालून आधी साचलेलं बाहेर काढतात. तेल द्यायचंच तर त्यानंतर, त्याच नळीतून.

'लोळला की आतडं पिळतं, रात्रभर फिरवा' हेही असंच. बहुतेक वेळा पोटात कळ येते म्हणून घोडा लोळतो, लोळल्यामुळे आतडं पिळतं असं नव्हे. त्याला इजा होऊ नये एवढ्यापुरतं थोडं फिरवावं. तासन् तास चालवून दमवण्यात अर्थ नाही.

फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिल्यावर घोडा शांत उभा राहिला, म्हणजे तो बरा झाला असं नव्हे. औषधानं दुखणं झाकलेलंही असू शकतं. जबड्याखालच्या शिरेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. निरोगी घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ येतात. ६० च्या वर गेले, हिरड्या जांभळट दिसल्या किंवा कळ पुन्हा उठली, तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरांना किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा.

आता ऑपरेशन. दहापैकी सुमारे नऊ शूळ औषधानंच उतरतात. उरलेल्यांच्या बाबतीत लोक दोन टोकं गाठतात. तार गिळलेल्या बैलाला उभ्यानंच, डाव्या कुशीत बधिरतेचं इंजेक्शन देऊन उघडतात. ते पाहिलेल्याला वाटतं, घोड्याचंही गोठ्यात उरकेल. तसं होत नाही. त्याला पूर्ण भूल देऊन पाठीवर निजवावं लागतं. टेबल, ऑक्सिजन आणि भुलीतून सावरून उठताना पाय मोडू नये म्हणून गाद्या लावलेली खोली लागते. तालुक्याच्या दवाखान्यात हे नसतं. वर्ध्याहून नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालयच साधारण ७५ किलोमीटरवर आहे. निघण्याआधी सोय आणि डॉक्टर आहेत का, हे फोनवर विचारलेलं बरं.

दुसरं टोक म्हणजे, 'पोट फाडलं की घोडा गेला.' परदेशातल्या मोठ्या इस्पितळांत, भुलीतून उठलेल्या घोड्यांपैकी बहुतेक घरी जातात. नुसतं सरकलेलं मोठं आतडं जागेवर बसवायचं असेल तर आशा जास्त. पिळून काळं पडलेलं लहान आतडं कापावं लागलं तर कमी. रक्तपुरवठा तुटलेलं आतडं काही तासांतच मरतं. तेल, फिरवणं आणि 'बघू सकाळी' यात गेलेली रात्र तिथे भोवते. खर्च मात्र खरोखरच जबर असतो. तो झेपत नसेल तर तसं डॉक्टरांना वेळेत सांगण्यात कमीपणा नाही.

टाके भरल्यावर दोन-तीन महिने विश्रांती, मग हळूहळू काम. दिवाळीत ऑपरेशन झालेला घोडा सगळं सुरळीत झालं तर वैशाखातल्या वरातीत उभा राहू शकतो.