पंप विकू नका, पंप चालू करून द्या

पंपाचं दुकान टाकू का, असं विचारणारे बरेच जण असतात. टाका की. पण मार्जिन कुठं आहे ते आधी समजून घ्या. मी बीबीए केलं, त्यात नफ्या-तोट्याचं गणित शिकलो, पण पंपाचं गणित मला एका जळालेल्या सीलनं शिकवलं.

दुकान उघडून चार महिने झाले होते. सुप्याजवळच्या एका दूध शीतकरण केंद्राला 5 एचपीचा मोनोब्लॉक विकला. त्यांची स्वतःची विहीर होती. मी रुबाबात सांगितलं, "जोडून घ्या, बटण दाबा, पाणी येईल." त्यांच्या वायरमननं प्रायमिंग न करताच बटण दाबलं आणि पाणी येईल म्हणून पंधरा मिनिटं वाट बघितली. मेकॅनिकल सीलच्या दोन घासणाऱ्या तोंडांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो, तोच त्यांना थंड ठेवतो. पाणीच नाही म्हटल्यावर सील जळालं. कोरडा चालवलेला पंप वॉरंटीत बसत नाही. विक्रीत 2,200 रुपये सुटले होते. सील, मजुरी आणि दोन चकरा मिळून 3,400 खिशातून गेले. वर मालक म्हणाले, "दादा, तुमचा माल हलका आहे."

माल चांगला होता. चालू करून द्यायला मी गेलो नाही, ही माझी चूक.

आता मी स्वतः जातो, त्याचे वेगळे पैसे घेतो आणि ते बिलात आधीच लिहितो. आधी शाफ्ट हातानं फिरवून बघायचा, मोकळा फिरला पाहिजे. मग सक्शन पाइप आणि पंपाची बॉडी पाण्यानं भरायची आणि एअर कॉकमधून बुडबुडे बंद होऊन सलग धार येईपर्यंत थांबायचं. भरलेलं पाणी खाली उतरत असेल तर फूटव्हॉल्व्ह गळतोय, तिथंच थांबा. त्यानंतर बटण क्षणभर दाबून सोडायचं आणि बॉडीवरच्या बाणाप्रमाणे फिरतोय का ते बघायचं. उलटा फिरत असेल तर तीनपैकी कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा, अर्थात मेन स्विच बंद करून. इथं फसायला होतं, कारण उलटा फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंपही थोडं पाणी देतो. गिऱ्हाईक म्हणतं "प्रेशर कमी आहे" आणि आपण पाइप बदलत बसतो.

सुरू करताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवा. सेंट्रिफ्यूगल पंप त्या वेळी सगळ्यात कमी करंट घेतो. मग टाँग टेस्टर वायरीला लावून व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. पण बंद व्हॉल्व्हवर जास्त वेळ चालवू नका, आतलं पाणी तापतं.

पाणी जास्त उंच चढवलं की मोटर जळते, असं बहुतेकांना वाटतं. या पंपात बऱ्याचदा उलटं होतं. पंप 30 मीटर हेडचा आणि पाणी चढवायचं 15 मीटर, तर पाणी बदाबदा येतं, करंट वाढतो आणि मोटर तापते. प्रेशर गेजवर 1 किलो म्हणजे साधारण 10 मीटर, एवढं लक्षात ठेवा. गेज कमी आणि अँपिअर जास्त दिसले तर व्हॉल्व्ह थोडा दाबा. मोठ्या पंपाला ग्लँड असेल तर त्यातून थेंब थेंब पाणी पडू द्या. "गळतंय" म्हणून आवळत बसलं की शाफ्ट खातो.

शेवटी नेमप्लेटचे अँपिअर, तिन्ही फेजचं रीडिंग, गेज आणि विहिरीतल्या पाण्याची खोली एका कागदावर लिहायची. एक प्रत पॅनेलच्या दारात, एक दुकानात.

त्या कागदाचा उपयोग त्याच केंद्रावर झाला. नवीन सील बसवल्यावर मी हे सगळं करून दिलं होतं. मे महिन्यात फोन आला, "पंप पाणी सोडतोय, आत खडे वाजल्यासारखा आवाज येतोय." कागदावर 7.2 अँपिअर आणि पाणी पंपापासून 5 मीटर खाली असं लिहिलं होतं. फोनवरच विचारलं. अँपिअर 5.5, गेजचा काटा थरथरतोय, पाणी 8 मीटरवर गेलेलं. सक्शनला हवा लागली तरी काटा असाच थरथरतो, म्हणून जॉइंटला साबणाचा फेस लावायला सांगितलं. फेस कुठंच आत ओढला गेला नाही.

म्हणजे पंपात दोष नव्हता. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला ही मर्यादा हिशोबानं 10.3 मीटर. आपलं नगर साधारण 650 मीटर उंचीवर, म्हणून इथं 9.6 च्या आसपास. त्यातून पाइप, फूटव्हॉल्व्ह आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की सहा-सात मीटरच हातात राहतात. त्यापुढे पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि इम्पेलरजवळ फुटतात. खड्यांचा आवाज तोच.

ते नवीन, मोठ्या एचपीचा पंप घ्यायला तयार होते. मी विकला नाही, कारण तोही 8 मीटरवरून तसाच वाजला असता. विहिरीत तीन मीटर खाली लोखंडी अँगलचा ओटा बसवून तोच पंप उतरवला, परत प्रायमिंग केलं, रीडिंग घेतलं. 7.1 अँपिअर. उतरवणीचं आणि फॅब्रिकेशनचं बिल मालकांनी त्याच दिवशी दिलं आणि जाताना शेजारच्या पोल्ट्रीवाल्याचा नंबर दिला.