तीन खुर्च्यांचे वाद्य : विसाव्या शतकातील ट्रॉम्बोनवादकांचा मागोवा

पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिनवादकांची संख्या तीसच्या आसपास असते, तर ट्रॉम्बोनवादकांसाठी सामान्यतः तीनच जागा असतात. दोन टेनर ट्रॉम्बोनसाठी आणि एक त्याहून खर्जातल्या बास ट्रॉम्बोनसाठी. युरोपात पंधराव्या शतकापासून प्रचलित असलेले हे पितळी सुषिर वाद्य प्रदीर्घ काळ चर्चमधील समूहगायनाला साथ देण्यात आणि ऑपेरात गंभीर प्रसंग उभा करण्यात रमले, आणि बेथोव्हनने १८०८ साली आपल्या पाचव्या सिंफनीच्या अखेरच्या भागात त्याचा समावेश केल्यानंतर सिंफनीतही त्याचे स्थान हळूहळू पक्के होत गेले. मात्र जागा मिळाली तरी ती मोजक्यांनाच मिळणार होती, आणि विसाव्या शतकातील ट्रॉम्बोनवादकांच्या कारकिर्दींकडे मागे वळून पाहताना असे दिसते की त्यांतील श्रेष्ठ वादकांना वादनाबरोबरच आपल्या वाद्याची जागाही स्वतःच घडवावी लागली.

या वाद्याची घडणच वादकाची कसोटी पाहणारी आहे. त्यात एकात एक बसणारी, पुढेमागे सरकणारी नळी असते. ती सात स्थानांवर नेता येते आणि प्रत्येक स्थान मागच्याहून अर्ध्या स्वराने खाली असते, पण नळीवर त्या स्थानांच्या खुणा नसल्यामुळे स्वर कान आणि हात यांच्या सवयीनेच गाठावा लागतो. याच नळीमुळे आपल्याकडील मींडेसारखी स्वरांची सलग घसरण सहज साधते, आणि याच नळीमुळे द्रुत लयीत प्रत्येक स्वर सुटा व स्वच्छ काढणे अतिशय अवघड होते. त्यात वाद्यवृंदातील वादकाला प्रतीक्षेचीही साधना करावी लागते. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीत ट्रॉम्बोनवादक तीन भाग निमूटपणे बसून राहतात आणि चौथ्या भागात, थंड पडलेल्या ओठांनी व वाद्याने, त्यांना उंच स्वरावरून मृदू आवाजात प्रार्थनेसारखी एक ओळ सुरू करायची असते.

जॅझमध्ये या वाद्याला वेगळे आयुष्य लाभले. न्यू ऑर्लिन्समध्ये कार्यक्रमांची जाहिरात करणारे बँड घोडागाडीतून फिरत, तेव्हा नळी मोकळेपणाने सरकवता यावी म्हणून ट्रॉम्बोनवादक गाडीच्या मागच्या फळीपाशी बसे, आणि त्या फळीच्या इंग्रजी नावावरूनच त्या वादनशैलीला ‘टेलगेट’ हे नाव पडले. तिचा अग्रणी वादक किड ओरी याने १९२०च्या दशकात लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ या संचाबरोबर ध्वनिमुद्रणे केली. तथापि मंदीच्या काळात त्याला वादन सोडून लॉस एंजेलिसमध्ये कोंबडीपालन करावे लागले आणि न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या संगीताकडे रसिकांचे लक्ष पुन्हा वळले तेव्हा, १९४०च्या दशकात, तो मंचावर परतला.

मधल्या काळात मोठ्या नृत्यवृंदांनी, म्हणजे बिग बँडनी, ट्रॉम्बोनवादकांना पूर्वी कधी नव्हता इतका रोजगार दिला. ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात जो नॅन्टन हा तुंबलेली मोरी मोकळी करण्याची रबरी वाटी वाद्याच्या तोंडावर उघडझाप करत माणसाच्या बोलण्यासारखे आवाज काढी, आणि त्याच वृंदातील लॉरेन्स ब्राउन त्याच वाद्यातून मखमली, सलग सूर काढी. एका वाद्याची ही दोन टोके एकाच रांगेत शेजारी नांदत होती. टॉमी डॉर्सी तर स्वतःच वृंदाचा प्रमुख झाला. श्वास कोठे घेतला हे कळू न देता लांबलचक ओळ अखंड वाजवण्याची त्याची हातोटी पाहूनच आपण गाताना दम राखायला शिकलो, असे १९४० ते १९४२ या काळात त्याच्याकडे गायलेला फ्रँक सिनात्रा पुढे सांगत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही सुबत्ता ओसरली. नृत्यगृहांवरील करांचा बोजा, प्रवासाचा वाढता खर्च आणि श्रोत्यांचा गायकांकडे वळलेला कल यांमुळे १९४६च्या अखेरीस अनेक नामांकित वृंद विसर्जित झाले. त्याच सुमारास चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी रूढ केलेल्या बीबॉप या अतिद्रुत शैलीत ट्रॉम्बोनचा निभाव लागणार नाही असे मानले जात असताना इंडियानापोलिसच्या जे. जे. जॉन्सनने स्वरातील कंप कमी केला, आघात नेमका केला आणि नळीची हालचाल इतकी काटेकोर केली, की ऐकणाऱ्यांना हा सरकत्या नळीचा नव्हे, तर कळा दाबून वाजवायचा ट्रॉम्बोन असावा असे वाटे. असे असूनही, आपल्या वाद्याची भाषा बदलणारा हा वादक १९५२ ते १९५४ या काळात एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे तपासण्याची नोकरी करत होता. त्यानंतर डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या काई विंडिंगबरोबर दोन ट्रॉम्बोनांचा संच काढून त्याने लोकप्रियता मिळवली, आणि १९७०मध्ये चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी संगीतरचना करण्याकरिता तो कॅलिफोर्नियाला गेला.

मेल्बा लिस्टनची वाट याहून खडतर होती. कृष्णवर्णीय असणे आणि स्त्री असून पुरुषांचे मानले गेलेले वाद्य वाजवणे असे दुहेरी ओझे वाहणाऱ्या या वादिकेने, १९४९मध्ये बिली हॉलिडेबरोबरचा अमेरिकेच्या दक्षिणेतील दौरा फसल्यानंतर, वादन थांबवून लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी केली. १९५६मध्ये गिलेस्पीने तिला पुन्हा आपल्या वृंदात बोलावून घेतले, आणि पुढे पियानोवादक रँडी वेस्टनसाठी तिने केलेल्या वाद्यसंयोजनांनी जॅझमध्ये तिचे नाव अढळ केले.

अभिजात संगीतात जागा मिळाल्यावर ती स्थिर असे. परंतु ती मिळवण्याचा आणि टिकवण्याचा मार्ग सर्वांसाठी सारखा नव्हता. रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात जवळजवळ अर्धशतक शिकवणाऱ्या एमरी रेमिंग्टन यांनी ट्रॉम्बोन गळ्यासारखा गायला हवा हा संस्कार अमेरिकी वाद्यवृंदांत पिढ्यान्‌पिढ्या रुजवला. दुसरीकडे, १९८०मध्ये म्युनिक फिलहार्मोनिकने ३३ उमेदवारांचे वादन पडद्याआडून ऐकून ज्या वादकाची निवड केली, ती व्यक्ती पडदा दूर झाल्यावर अ‍ॅबी कोनांट ही अमेरिकी स्त्री निघाली. तिला प्रमुख वादकाच्या जागेवरून खाली उतरवण्यात आले, फुप्फुसांची क्षमता वैद्यकीय तपासणीने सिद्ध करावी लागली, आणि पद व समान वेतन मिळवण्यासाठीचा तिचा न्यायालयीन लढा १९९३पर्यंत चालून अखेर यशस्वी झाला. वाद्य तेच, वादन तेच. बदलले होते ते केवळ ऐकणाऱ्यांना दिसलेले रूप, आणि म्हणूनच हे प्रकरण ट्रॉम्बोनच्या इतिहासापुरते मर्यादित राहत नाही.

शतकाच्या उत्तरार्धात काहींनी खुर्चीचीच कल्पना ओलांडली. फ्रँकफर्टच्या आल्बर्ट मांगेल्सडॉर्फने एक स्वर वाजवत असतानाच दुसरा स्वर वाद्यात गाऊन, त्या दोहोंच्या मिलाफातून उमटणाऱ्या स्वरांसह, एकट्याने सुसंवादी स्वरसमूह उभे केले. स्वीडनच्या क्रिस्टियन लिंडबर्गने तरुणपणीच मिळालेली ऑपेरा वाद्यवृंदातील जागा सोडून केवळ एकलवादक म्हणून जगण्याचा निर्णय घेतला; त्याच्यासाठी रचनाकारांनी नव्या रचना लिहिल्या, आणि पूर्वी तुटपुंजा असलेला ट्रॉम्बोनचा एकल संग्रह समृद्ध झाला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख ट्रॉम्बोनवादक जोसेफ अलेस्सी यांच्यासाठी क्रिस्टोफर राउस यांनी लिहिलेल्या कन्चेर्तोला १९९३ सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

याच शतकात मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतही ट्रॉम्बोनला स्थान होते. गोव्यातील चर्चसंलग्न शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटगीतांतील पितळी वाद्यांचा ताफा सांभाळला. सिंथेसायझरचा वापर वाढला तसे मोठे ताफे आटले आणि गाण्यामागची त्यांची नावे बहुतेकांना कळलीही नाहीत.

आजही सिंफनी वाद्यवृंदातील या वाद्याच्या जागा साधारण तेवढ्याच आहेत. एका रिकाम्या खुर्चीसाठी अनेक तरुण वादक मोत्सार्टच्या ‘रेक्विएम’मधील आणि राव्हेलच्या ‘बोलेरो’मधील त्याच कठीण ओळी वाजवतात, आणि अनेक ठिकाणी परीक्षक त्या पडद्याआडून ऐकतात. त्यांच्या हाती येणारा एकल संग्रह लिंडबर्ग आणि अलेस्सी यांच्यामुळे भरघोस झाला आहे, स्वच्छ द्रुत वादनाची अपेक्षा जॉन्सनने रुजवली आहे, आणि त्या पडद्यामागे कोण उभे राहू शकते या प्रश्नाचे उत्तर कोनांटने तेरा वर्षे खर्ची घालून दिले आहे.