बुगाटी ‘अटलांटिक’च्या दोन प्रती : ५७३७४ व ५७४७३

पोथीसंग्राहकांच्या या पत्रांत मोटारगाडीचा विषय निघावा, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु मूळ प्रत कोणती आणि पूर्ती कोणती, हा आमचा नित्याचा प्रश्न तेथेंही उपस्थित होतो, व त्याच्या निर्णयावर कोट्यवधींचे व्यवहार होतात.

फ्रान्समधील मोल्सहाइम येथील बुगाटी कारखान्यांत १९३६ ते १९३८ या काळांत ‘अटलांटिक’ नांवाच्या अवघ्या चार गाड्या झाल्या. आकृति योजिली ती कारखान्याचे संस्थापक एत्तोरे बुगाटी यांचे चिरंजीव झां यांनीं. इंजिन एका ओळींतील आठ सिलिंडरांचें, ३२५७ घन सेंटिमीटरांचें. छपरावरून मागपर्यंत रिव्हेटांची जी उभी शिवण दिसते, तिचें मूळ १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनांतील नमुन्यांत आहे. त्या नमुन्याचा पत्रा इलेक्ट्रॉन या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. तो पेट घेण्याच्या भयामुळें झाळून जोडतां येईना; म्हणून कडा दुमडून रिव्हेटांनीं जखडल्या. पुढें पत्रा ॲल्युमिनियमचा आला, कारण सरलें, शिवण राहिली. ताडपत्रें जाऊन कागद आल्यावरही जैन पोथ्यांत दोऱ्याच्या छिद्राची जागा लेखक कोरी ठेवीत, त्यांतलाच हा प्रकार होय.

चारांपैकीं ५७४५३ ही झां यांची स्वतःची गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नाहींशी झाली. ५७५९१ विषयीं वाद नाहीं. तुलना करावयाची ती उरलेल्या दोहोंची.

५७३७४ ही १९३६ सालीं लंडनच्या व्हिक्टर रॉथ्सचाइल्ड यांजकडे गेली. इंजिनांत दाबानें हवा भरणारा सुपरचार्जर तिला प्रथम नव्हता. तो १९३९ मध्यें मोल्सहाइमलाच बसविला गेला. ग्रंथकारानें स्वहस्तें जोडलेल्या पुरवणीस आम्ही प्रक्षेप म्हणत नाहीं. हाही तसाच समजावा. १९७१ च्या लिलांवांत ही गाडी ५९,००० डॉलरांस गेली. २०१० सालीं तिची किंमत तीन कोटी डॉलरांवर गेल्याचें प्रसिद्ध झालें.

५७४७३ हीही १९३६ चीच. १९५५ सालीं फ्रान्समध्यें रेल्वेच्या फाटकावर आगगाडीनें तिला धडक दिली. मालक ठार झाला, गाडीचा चुराडा झाला. मूळ इंजिन मोडींत गेलें. उरलेल्या अवशेषांवरून १९७० नंतरच्या दशकांत तिचा जीर्णोद्धार झाला. तिला बनावट म्हणणें अन्यायाचें होईल, कारण आधार अस्सल आहे. पण गळालेलीं पानें नव्या हातानें लिहून घातलेल्या पोथीस जसें आम्ही समग्र प्राचीन म्हणत नाहीं, तसेंच येथें. संख्येनें दोन्ही सारख्याच दुर्मिळ. प्रामाण्यानें मात्र ५७३७४ वरचढ, असें आमचें मत आहे.

खरेदीदारानें सांगाडा, इंजिन व गिअरपेटी यांवर ठोकलेले क्रमांक निरनिराळे ताडून पाहावे आणि नवे भाग कोणते याची यादी लेखी मागावी. रंगाच्या चकाकीवरून कांहींच ठरत नाहीं. ५७४५३ सांपडल्याची वार्ता कोणी आणली, तर हें विशेषच ध्यानांत ठेवावें.