भिंतीची ओल आणि घरातील जयणा

आषाढात चातुर्मास सुरू झाला की पाणी गाळण्यापासून धान्य निवडण्यापर्यंत प्रत्येक कामात आपण जयणा अधिक काटेकोरपणे पाळतो. भिंतींकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. ओल्या भिंतीवर येणारी बुरशी आपण अनंतकाय मानतो. ती खरवडावी तर हिंसा घडते आणि राहू द्यावी तर दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. म्हणून ती उगवूच न देणे हाच खरा मार्ग होय.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील घरांत व दुकानांत जिप्सम बोर्डाची पार्टिशने आता दिसू लागली आहेत. या फळ्यांत कागदाच्या दोन थरांमध्ये जिप्सम असते. पाण्याने जिप्सम मऊ पडते आणि कागद बुरशीचे अन्न होतो. भिजलेला भाग दोन दिवसांत वाळला नाही, तर बुरशी धरू लागते.

आपल्या भागात या ओलीची सुरुवात पुष्कळदा उन्हाळ्यातच होते. कूलरची टाकी झिरपते आणि समोरची खिडकी बंद असल्यास दमट हवा खोलीतच कोंडते. म्हणून कूलर पार्टिशनपासून दूर असावा व हवेला बाहेर जाण्यास वाट असावी. पावसाळ्यात तो पाणी न घालता चालवावा.

मूळ भिंत ओली असताना तिच्यावर बोर्ड बसवून ओल झाकू नये. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस थेंब आले तर ओल भिंतीतच आहे. खोलीकडील बाजूस आले तर ती हवेतील आहे. बोर्डाची खालची कड फरशीपासून अर्धा इंच वर ठेवावी, म्हणजे फरशी पुसताना ती पाणी शोषणार नाही. स्नानगृहात जिप्समऐवजी सिमेंट बोर्ड वापरावा. कोठीतील पोती भिंतीपासून वीतभर दूर रचावीत.

महात्मा गांधी 1936 साली सेवाग्रामला राहावयास आले. तेथील कुट्यांच्या भिंती मातीच्या, म्हणजे पाण्यापुढे जिप्समइतक्याच हळव्या. उतरत्या कवेलूंच्या छपरामुळे आणि पडव्यांमुळे पावसाचे पाणी त्या भिंतींपर्यंत सहसा पोहोचत नाही. भिंत दुरुस्त करण्याआधी पाणी अडवावे, हाच त्या रचनेचा धडा आहे.

तेव्हा मृग लागण्यापूर्वीच गच्चीच्या भेगा, पन्हळी व नळांचे सांधे तपासून घ्यावेत. ज्या घरात ओलच नाही, तेथे बुरशी खरवडण्याचा प्रसंगही येत नाही आणि चातुर्मासातील जयणा सहज पाळली जाते.