महामारीच्या निर्बंधकाळातील प्राथमिक शाळांचे खेळ आणि मैत्रीपूर्ण स्पर्धा

प्रस्तावना

मार्च २०२०च्या मध्यापासून महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. पाचवी ते आठवीचे वर्ग जानेवारी २०२१च्या अखेरीस अनेक ठिकाणी काही काळ भरले. परंतु पहिली ते चौथीच्या मुलांना १ डिसेंबर २०२१ची वाट पाहावी लागली आणि काही महानगरांत त्याहूनही उशीर झाला. जून २०२०मध्ये पहिलीच्या हजेरीपटावर नाव चढलेले मूल प्रत्यक्ष वर्गात बसले ते दुसरीत गेल्यावर. जानेवारी २०२२मध्ये त्यात पुन्हा खंड पडला. या काळातील अध्ययनहानीविषयी विपुल लेखन झाले. वाचन आणि गणित यांचे मोजमाप करता येत असल्याने ते स्वाभाविकही होते. खेळाच्या बाबतीत मात्र 'मुलांची हालचाल कमी झाली' एवढीच नोंद बहुधा केली गेली. हालचाल आणि स्पर्धा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली घरात काही अंशी टिकवता आली. दुसरीचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्पर्शावर उभे असलेले खेळ

मराठी शाळेच्या मैदानावरील बहुतेक पारंपरिक खेळांत निर्णय स्पर्शाने होतो. खो-खोमध्ये पाठलाग करणारा खेळाडू बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने 'खो' देतो. लंगडीत एका पायावर उड्या मारत गडी टिपायचा असतो. आट्यापाट्यांत पाटी अडवणाऱ्याचा हात लागला की गडी बाद. कबड्डीत तर स्पर्शाच्या जोडीला दमही आला: चढाई करणाऱ्याने एका श्वासात, पंचांना ऐकू जाईल असा उच्चार करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरायचे आणि सातजणांनी त्याला धरून ठेवायचे. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाच्या दृष्टीने याहून गैरसोयीचा खेळ शोधूनही सापडणार नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२०मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार खेळताना मुलांनी मुखपट्टी लावू नये. मात्र परस्परांत किमान एक मीटर अंतर राखावे आणि एकत्र खेळणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवावी, असे अपेक्षित होते. ही अट पाळून धावणे, दोरीउड्या, सूर्यनमस्कार एवढे करता येते. खो-खो खेळता येत नाही. दोरीउड्या हा उत्तम व्यायाम आहे यात वाद नाही. पण तेथे प्रतिस्पर्धी असलाच पाहिजे असे नाही.

नियम कोठून येतात?

मुलांच्या खेळांतील नियमांचा अभ्यास जाँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमध्ये गोट्या खेळणाऱ्या मुलांचे निरीक्षण करून केला. १९३२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील मांडणीनुसार लहान मूल इतरांबरोबर खेळत असले तरी खरे तर आपापलेच खेळत असते. एकाच डावात सगळेच जिंकू शकतात, याचे त्याला नवल वाटत नाही. साधारण सात-आठ वर्षांच्या सुमारास दुसऱ्यावर मात करण्याची इच्छा जागी होते आणि त्याबरोबरच दोघांना मान्य असा एकच नियम हवा, ही गरजही. नियम परस्परसंमतीने ठरतात आणि बदलताही येतात, ही जाणीव त्यानंतरची. पियाजे यांच्या मते हा प्रवास मोठ्यांच्या आज्ञेने होत नाही; तो समवयस्कांच्या सहकार्यातून, आणि अर्थातच भांडणांतून, होतो.

मराठी मुलांची खेळभाषा या मांडणीशी चांगलीच जुळते. 'लिंबूटिंबू' म्हणून डावात घेतलेले धाकटे भावंड खेळते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. पुढे केव्हातरी ते स्वतःच लिंबूटिंबू राहण्यास नकार देते. 'रडीचा डाव' हा आरोप त्यानंतरच अर्थपूर्ण होतो, कारण रडीचा डाव ओळखायचा तर सरळ डाव कोणता हे दोन्ही पक्षांना ठाऊक असावे लागते. शाळा बंद राहिल्या त्या काळात पहिली-दुसरीतील मुले नेमकी या उंबरठ्यावर होती.

आकड्यांची स्पर्धा

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२०पासून सर्व प्राथमिक वर्ग सुरू झाले, पण मुलांना ठराविक गटांतच ठेवण्याचे बंधन होते. शासनाच्या सूचनांनुसार संपर्काचे खेळ टाळायचे होते, मोकळ्या जागेला प्राधान्य द्यायचे होते आणि साहित्य एका गटाकडून दुसऱ्याकडे जाताना स्वच्छ करायचे होते. आंतरशालेय सामने थांबले. त्यांच्या जागी दूरस्थ स्पर्धा आल्या: ठराविक वेळात किती उड्या, किती झेल, याची नोंद आपल्याच शाळेत करायची आणि आकडे आयोजकांकडे पाठवायचे. यूथ स्पोर्ट ट्रस्ट या संस्थेची ६० सेकंदांची आव्हाने घरीही करता येण्याजोगी होती. भारतात १५ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर २०२० या काळात झालेल्या 'फिट इंडिया फ्रीडम रन'चे तत्त्वही याच जातीचे होते. आपल्या सोयीने, आपल्या वाटेने धावायचे आणि अंतर नोंदवायचे.

या पद्धतीचा एक लाभ नाकारता येणार नाही. केंद्रस्तरीय स्पर्धेसाठी शाळेचा संघ निवडला की उरलेल्या मुलांच्या वाट्याला टाळ्या वाजवणेच येते. आकड्यांच्या स्पर्धेत प्रत्येक मूल खेळाडू असते आणि कालच्या स्वतःपेक्षा आज दोन उड्या अधिक मारणे हेही यश ठरते. स्थूल, लाजाळू किंवा दिव्यांग मुलांना यातून मिळालेला अवकाश संघनिवडीने क्वचितच दिला असेल. अर्थात घरातला एकमेव मोबाइल वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर हे आव्हान मुलापर्यंत पोहोचणार कसे, हा प्रश्न उरतोच.

तरीही यास स्पर्धा म्हणणे कठीण आहे. घरी उड्या मोजणारी व्यक्ती बहुधा आई किंवा वडील. म्हणजे पियाजे ज्या प्रौढ अधिकारापासून मुलाची सुटका होताना पाहत होते, त्याच अधिकाराकडे नियम पुन्हा गेला. चाळिसावी उडी धरायची की नाही, यावर हरकत घेणारा समोर कोणी नाही. मैत्रीपूर्ण स्पर्धेतील मैत्री ही मवाळपणातून येत नाही. हरकत घेणाऱ्याबरोबर डाव पुढे चालू ठेवण्यातून ती येते.

वस्त्यांवर आणि शेतांच्या बांधांवर मुले या काळातही खेळत होती. शासनाचे निर्बंध गल्लीपर्यंत सारख्याच कडकपणे पोहोचले नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. गृहसंकुलांतील मुलांना ती सोय नव्हती. त्यामुळे खेळाच्या बाबतीत वंचित कोण, याचे नेहमीचे उत्तर येथे काहीसे उलटते.

शाळा उघडल्यानंतर

२०२०मध्ये पहिलीत असलेली ही मुले जून २०२४मध्ये पाचवीत पोहोचली, तेव्हा ती वयाने निवडस्पर्धेच्या टप्प्यावर होती. खेळाचा अनुभव मात्र त्या मानाने तोकडा होता. अशा मुलांपुढे लगेच केंद्र आणि तालुका पातळीची चढण ठेवण्यापेक्षा वर्गातच छोटे डाव मांडणे अधिक उचित ठरते. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत क्रीडाशिक्षक वेगळा नसतो; तेथे पंचाचे काम आळीपाळीने मुलांकडे देता येते. हात लागला की नाही, यावर वाद होईल. शिक्षकाने शिट्टी लगेच वाजवली नाही, तर तो वाद मुलेच मिटवतात.