बॅग ‘डायरेक्ट’ जात नाही, काकू!

मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पासच्या मागे सामानाच्या पावत्या चिकटवल्या आणि हसून सांगितलं, “बॅगा डायरेक्ट ओमाहाला मिळतील, सर.” टॅगवर ओमाहाची तीन अक्षरंही ठळक छापलेली. दोहाला विमान बदललं, शिकागोला उतरलो, इमिग्रेशन उरकलं आणि निवांत बाहेरच्या दाराकडे निघालो. माझ्यापुढे साताऱ्याच्या एक काकू, खांद्याला फक्त पर्स. दारातल्या माणसाने आम्हा दोघांनाही मागे पिटाळलं. आमच्या बॅगा सरकत्या पट्ट्यावर केव्हाच्या प्रदक्षिणा घालत होत्या.

काउंटरवरची मुलगी खोटं बोलली नव्हती, अर्धंच बोलली होती. टॅग ओमाहापर्यंतचाच असतो, पण अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं तिथेच सामानासकट कस्टम्स पार करावं लागतं. दोहाला आपण देशात शिरतच नाही, म्हणून तिथे बॅग आपली आपण पुढे जाते. त्या अनुभवाच्या भरवशावर माणूस शिकागोत फसतो. करायचं एवढंच: पट्ट्यावरून बॅग उचलायची, कस्टम्समधून बाहेर पडायचं आणि लगेच पुढे असलेल्या री-चेकच्या जागी ती परत सोपवायची. टॅग फाडायचा नाही, बहुतेक वेळा नवा लागत नाही. मोजक्या मार्गांवर ही अट अलीकडे सैल होऊ लागली आहे, पण कर्मचाऱ्याने स्पष्ट सांगितल्याशिवाय तसं धरून चालू नये.

खरा अपवाद अबू धाबीचा. तिथे २०१४ पासून अमेरिकेचेच अधिकारी बसतात आणि इमिग्रेशन, कस्टम्स सगळं विमानात चढण्याआधीच उरकतात. मग अमेरिकेत आपण देशांतर्गत प्रवाशासारखे उतरतो. घरातली वडीलधारी माणसं एकटी निघाली असतील, तर थोडे पैसे जास्त पडले तरी मी या मार्गाचा विचार करीन. मात्र अबू धाबीतच रांगा लागतात, तेव्हा तिथला मुक्काम तासाभराचा नको.

“तिकीट विकलंय म्हणजे वेळ पुरेलच.” हा दुसरा लाडका समज. दोन विमानांमध्ये किमान किती वेळ हवा हे प्रत्येक विमानतळासाठी ठरलेलं असतं आणि त्याहून कमी वेळाचं जोडतिकीट सहसा निघत नाही. पण ‘किमान’ म्हणजे सगळं सुरळीत झालं तर. शिकागोच्या ओ’हेअरवर परदेशी विमानं बहुतेक टर्मिनल ५ला लागतात, तर पुढची बरीचशी विमानं १, २ किंवा ३वरून सुटतात. (४ शोधत बसू नका, ते नाहीच.) मधे फुकटची छोटी रेल्वे आहे, तिच्यातून उतरलं की सुरक्षा तपासणी पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर तीन तास हाताशी असावेत, असं माझं मत. आणि बोर्डिंग पासवरची सुटण्याची वेळ ही दारात पोचायची वेळ नव्हे. गेट त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच बंद होतं.

विमान चुकलंच तर? सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि आधीच्या विमानाला उशीर झाला असेल, तर पुढच्या विमानात जागा करून देणं कंपनीचं काम. भाच्याने दोन हजार वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही नुसतेच गैरहजर.

आता पिशवीतलं. ड्यूटी-फ्रीची बाटली सीलबंद पिशवीत आहे म्हणजे ती घरापर्यंत पोचली, असं नाही. शिकागोतल्या तपासणीत सील शाबूत हवं, ४८ तासांच्या आतली पावती हवी, आणि तरीही मशीनला शंका आली तर बाटली गेली. त्यापेक्षा री-चेकला देण्याआधी ती मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाकावी. लोणचं आणि तूप हे तपासनीसाच्या लेखी द्रवपदार्थच, म्हणजे केबिनमध्ये १०० मिलीची मर्यादा. मेतकूट-भाजणीचंही तेच दुखणं: अमेरिकेच्या विमानात साधारण ३५० मिलीच्या वरची पूड हातात असेल तर २०१८ पासून जादा तपासणी होते. ताजा कढीपत्ता आणि आंबे तर नेऊच नयेत. खाण्याचं जे काही असेल ते विचारल्यावर सांगून टाकावं. सांगितलं तर फार तर वस्तू जाते, लपवलं तर १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पिशवी उपसण्यात पुढचं विमान निघून जातं ते वेगळंच. बूट मात्र आता सगळ्यांना काढावे लागत नाहीत. २०२५च्या जुलैत तो नियम गेला.

व्हीलचेअर ही अपंगांसाठीच असते, हा समज काकूंचाही होता. “मी काय पांगळी आहे?” असं त्या मुंबईत म्हणाल्या होत्या, आणि आता टर्मिनल ५मध्ये गुडघा धरून चालत होत्या. लांब चालवत नाही एवढं कारण पुरतं, दाखला कुणी मागत नाही, पैसेही पडत नाहीत. तिकीट काढतानाच सांगावं आणि काउंटरवर पुन्हा आठवण करावी. ढकलणारा माणूस इमिग्रेशनपासून री-चेकपर्यंत सोबत असतो, बॅगही पट्ट्यावरून उतरवतो. रस्ता शोधायची चिंताच मिटते.

“अडलं तर मुलाला फोन लावीन,” ही तयारी सगळेच करतात. पण इमिग्रेशनच्या दालनात फोन वापरायला बंदी आहे आणि नेमकी अडचण तिथेच येते. काकू याबाबतीत माझ्याहून हुशार निघाल्या. रांगेत असताना त्यांनी पर्समधून किराणाच्या हिशेबाची छोटी वही काढली. शेवटच्या पानावर मुलाने ठसठशीत इंग्रजीत त्याचा पत्ता, फोन आणि परतीची तारीख लिहून दिली होती. अधिकाऱ्याने कुठे राहणार, किती दिवस, असं विचारलं. काकूंनी वही उघडून काचेपुढे धरली. त्याने ते पान वाचलं, चुकून मागचंही उलटलं, आणि तूरडाळीच्या भावाकडे क्षणभर बघत राहिला.