बटण सोडल्यावर काय होतं? – विंचचा स्विच गाडीच्या आत घेताना

तर्कशास्त्र शिकवण्यात जिचं आयुष्य गेलं त्या बाईनं जीपच्या विंचच्या वायरिंगवर बोलावं, हे फलकावर वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. त्याला कारण आहे. कार्यकारणभावावरच्या मागच्या व्याख्यानानंतर तीन-चार तरुण थांबले होते. उद्यमनगरात काम करणारी मुलं, पावसाळ्यात जीप घेऊन गगनबावडा, राधानगरी, आंबा या बाजूला चिखल तुडवायला जाणारी. त्यांचा प्रश्न साधा होता: "मॅडम, विंचचं बटण गाडीत आत घेतलं तर बरं की वाईट?" मी म्हटलं, बरं-वाईट नंतर बघू; आधी मला ते यंत्र दाखवा. त्यांनी दाखवलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न न्यायशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतलाच आहे.

ज्यांनी विंच पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. गाडीच्या पुढच्या बाजूला एक ढोल असतो, त्यावर पोलादी तारेचा किंवा सिंथेटिक दोर गुंडाळलेला असतो, आणि बॅटरीवर चालणारी मोटर तो ढोल फिरवते. दोराचं टोक झाडाला पट्ट्यानं बांधायचं आणि चिखलात बसलेली गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. विहिरीवरचा रहाट आठवा. फक्त इथं बादलीच्या जागी दोन टनांची जीप आहे.

आता आकडे बघा, कारण सगळी मेख तिथं आहे. अशा जीपना साधारण 9,500 पौंडांचा, म्हणजे सुमारे 4,300 किलो ओढणारा विंच बसवतात. बॅटरी 12 व्होल्टची. पूर्ण भारावर अशी मोटर 400 अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. गुणाकार करा: जवळजवळ पाच किलोवॅट. पाच एचपीचा शेतीपंप घेतो तेवढी वीज, ती एका गाडीच्या बॅटरीतून! घरातल्या गिझरचा एमसीबी 16 किंवा 20 अँपिअरचा असतो, यावरून 400 म्हणजे काय ते समजेल. एवढा प्रवाह बोटाएवढ्या जाड केबलमधूनच जातो, आणि कुठलंही हातातलं बटण तो तोडू-जोडू शकत नाही. म्हणून मधे सोलेनॉइड असतात. तुम्ही बटण दाबता तेव्हा काही अँपिअरचा छोटा प्रवाह सोलेनॉइडच्या कॉइलला जातो, कॉइल लोखंडी दांडा खेचते, दांडा तांब्याच्या दोन टोकांना जोडतो, आणि मग मोठा प्रवाह वाहतो. म्हणजे तुमचं बटण मोटर चालवत नाही, ते फक्त हुकूम देतं. अंमलबजावणी दुसराच करतो.

इथं मी माझ्या विषयाकडे येते. कारण आणि कार्य यांचा संबंध ठरवताना आपल्याकडे दोन गोष्टी तपासतात, अन्वय आणि व्यतिरेक. हे असेल तर ते असतं, हा अन्वय. हे नसेल तर ते नसतं, हा व्यतिरेक. शास्त्रातली मांडणी याहून बारीक आहे, पण आजच्या कामाला एवढी पुरे. विंचच्या बाबतीत अन्वय म्हणजे बटण दाबलं की दोर ओढला जातो. व्यतिरेक म्हणजे बटण दाबलेलं नसेल तर दोर हलत नाही. वायरिंग झाल्यावर वायरमन काय तपासतो? बटण दाबतो, ढोल फिरतो, "झालं बघा" म्हणतो. त्यानं अन्वय तपासला. पण माणसाचे हात-पाय वाचतात ते व्यतिरेकामुळे.

आणि व्यतिरेक बिघडतो कसा, हे ऐकण्यासारखं आहे. गाडी खोल रुतलेली, मोटर पूर्ण जोर लावतेय, बॅटरीचं व्होल्टेज खाली आलंय. व्होल्टेज पडलं की कॉइलची पकड ढिली होते. तांब्याची टोकं थरथरतात, मधे ठिणग्या उडतात, तांबं वितळतं आणि टोकं एकमेकांना चिकटतात. वेल्डिंगच ते! आता तुम्ही बटण सोडलं तरी मोटर चालूच. म्हणजे हा दोष नेमका तेव्हा येतो जेव्हा दोरावर सगळ्यात जास्त ताण असतो आणि तुम्हाला थांबण्याची सगळ्यात जास्त गरज असते. घाबरून थोडं-थोडं, टक्-टक् बटण मारणाऱ्यांच्या विंचमध्ये टोकं लवकर झिजतात, कारण प्रत्येक सुरुवातीला मोटर मोठा प्रवाह घेते.

मग बटण आत घ्यायचंच कशाला? विंचबरोबर लांब वायरचा हँडसेट येतोच की. त्याचं उत्तर चिखलात मिळतं. गोव्यात 2014 पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा होते. तिथं एका गाडीत दोघं असतात. एक सुकाणूवर, दुसरा गुडघाभर चिखलात दोर घेऊन झाडाकडे धावणारा. गाडी ओढली जात असताना चाकं फिरवणं, ब्रेक, सुकाणू आणि विंच यांचा मेळ एकाच माणसाला घालावा लागतो, आणि तो आत बसलेला असतो. हँडसेटची वायर खिडकीतून आत घेतली तर ती चाकाखाली किंवा दाराच्या फटीत सापडते, भिजते, तुटते. शिवाय आत बसलेला माणूस ताणलेल्या दोराच्या जवळ उभा नसतो. पोलादी तार तुटली तर ती चाबकासारखी परत येते. दोरावर ओलं पोतं किंवा जाड घोंगडं टाकायचं ते याचसाठी. तेव्हा आतलं बटण ही चैन नाही. मात्र हात आत गेला तरी डोळे बाहेरच राहतात, आणि हुकूम देणाऱ्याला परिणाम दिसत नाही. वायरिंग करायचं ते हे लक्षात ठेवून.

आता प्रत्यक्ष जोडणी. दोन परिपथ मनात वेगळे ठेवा, जाड आणि बारीक. जाड केबल बॅटरीपासून सोलेनॉइडच्या पेटीपर्यंत आणि तिथून मोटरपर्यंत. ती केबिनमध्ये आणायची नाही, कुठल्याही कारणानं नाही. आत यायच्या फक्त बारीक वायरी. दीड चौरस मिलिमीटरची लवचिक वायर बहुतेक ठिकाणी पुरते. फ्यूज दहा अँपिअरचा किंवा कॉइलला पुरेल तेवढा लहान, आणि तो जिथून वीज घेतली तिथंच, डॅशबोर्डखाली नव्हे. फ्यूज बटणाच्या रक्षणासाठी नसतो, वायरीच्या रक्षणासाठी असतो. फ्यूजच्या आधी वायर घासून उघडी पडली तर फ्यूजला कळणारसुद्धा नाही. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट घालायचा. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, आणि ती न घातल्यामुळे वायर घासून पत्र्याला टेकलेली मी उद्यमनगरात एका दुपारी तीन गाड्यांत पाहिली.

स्विच कसला? मधे बंद, दोन्ही बाजूंना दाबून धरावा लागणारा, सोडला की स्प्रिंगनं मधे येणारा. एकीकडे आत ओढणं, दुसरीकडे बाहेर सोडणं. एकदा दाबला की तसाच राहणारा घरगुती स्विच चालणार नाही. घरातला स्विच एसीसाठी असतो आणि डीसीची ठिणगी तोडायला तो कमी पडतो, हे एक. आणि दुसरं म्हणजे त्यात माणूस बेशुद्ध पडला तरी हुकूम चालूच राहतो. मुंबईत 1925 साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल सुरू झाली. या गाड्यांच्या मोटरमनला हँडल दाबून धरावं लागतं, हात सुटला की गाडी आपोआप थांबायला लागते. हेच तत्त्व. यंत्र चालण्यासाठी माणसाची संमती क्षणोक्षणी लागली पाहिजे. सुरुवातीला एकदा दिली आणि विसरून गेलो, असं नको.

या स्विचमध्ये आणखी एक गुण आहे, तो मला विशेष आवडतो. पातं एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतं. आत आणि बाहेर हे परस्परविरोधी हुकूम एकाच क्षणी देणं त्याला शक्यच नाही. ज्यांच्या पेटीत चार सोलेनॉइड आहेत त्यांना दोन्ही हुकूम एकदम मिळाले, तर बॅटरीचं धन टोक सरळ ऋण बाजूला भिडतं, शॉर्ट होतं. आता विचार करा: आत चालकाकडे एक बटण, बाहेर सोबत्याकडे हँडसेट. एकानं आत दाबलं, दुसऱ्यानं त्याच क्षणी बाहेर. प्रत्येक स्विच स्वतःपुरता शहाणा, पण दोघं मिळून वेडेपणा करतात. म्हणून मधे निवडीचा एक स्विच लागतोच: 'केबिन', 'बंद', 'हँडसेट'. वीज एका वेळी एकालाच. अधिकार कुणाकडे आहे हे त्या स्विचकडे पाहून कळलं पाहिजे, ओरडून विचारावं लागता कामा नये.

त्याच्या आधी एक मास्टर स्विच, झाकणाचा, म्हणजे गुडघा किंवा पिशवी लागून चुकून दाबला जाणार नाही. त्याला वीज इग्निशनमागून द्यावी, म्हणजे किल्ली काढलेल्या गाडीत पोरानं खेळता-खेळता विंच चालवला असं होणार नाही.

आणि एक लाल दिवा. इथं जरा थांबते. बहुतेक ठिकाणी दिवा स्विचलाच जोडतात. असा दिवा तुम्हाला काय सांगतो? की तुम्ही हुकूम दिलात. ते तुम्हाला माहीतच आहे, बोट तुमचंच आहे! तुम्हाला जाणून घ्यायचंय ते हुकमाचं पुढं काय झालं. म्हणून दिवा सोलेनॉइडच्या पलीकडून, मोटरच्या टोकाकडून, स्वतःच्या छोट्या फ्यूजमधून आणायचा. मग बटण सोडल्यावरही दिवा जळत राहिला, तर टोकं चिकटली आहेत हे आत बसल्या-बसल्या कळतं. दिवा जळतोय पण ढोल फिरत नाही, असंही होऊ शकतं, कारण कधी दोनांपैकी एकच सोलेनॉइड चिकटतो. अशा वेळी उलट दिशेचं बटण मारून 'सोडवून बघू' म्हणायचं नाही.

चिकटल्यावर करायचं काय? मास्टर स्विच बंद करून उपयोग नाही, तो हुकमाच्या बाजूचा आहे आणि इथं हुकूम कुणी ऐकतच नाहीये. जाड परिपथ तोडणारा स्वतंत्र, हातानं फिरवायचा कट-ऑफ लागतो, बॅटरीजवळ, विंचच्या पूर्ण प्रवाहाला पुरेल असा. त्याऐवजी दुसरा मोठा रिले बसवणारे आहेत. पण जो आजार पहिल्याला झाला तोच दुसऱ्याला होऊ शकतो. दुसरा साक्षीदार पहिल्याचाच भाऊ नसावा. चालकाला तो कट-ऑफ बसल्या जागेवरून ओढता यावा म्हणून बॉनेटला असते तशी ओढायची तार आत आणतात. त्यासाठी जाड केबल आत आणायची गरज नाही. या कट-ऑफचा दुसराही फायदा आहे. विंचची जाड केबल बहुतेक गाड्यांत फ्यूजशिवायच असते आणि ती असते अगदी बंपरात, समोरून धडक बसली तर पहिल्यांदा चिरडणाऱ्या जागी. म्हणून काम नसेल तेव्हा कट-ऑफ बंद, केबल निर्जीव. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर जिवंत केबल घेऊन फिरायचं काही कारण नाही.

बंपरावरून आठवलं: मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय मंत्रालयानं बाहेरून लावलेल्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. विंच बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

आता तपासणी, आणि ती व्यतिरेकाची. ढोल क्लचमधून सुटा करा, म्हणजे मोटर फिरेल पण दोर ओढला जाणार नाही. बटण दाबा, सोडा. मोटर थांबली का? बटण दाबून धरलेलं असतानाच मास्टर बंद करा, थांबली का? निवड 'हँडसेट'वर ठेवून केबिनचं बटण दाबा. काहीच व्हायला नको. शेवटी मोटर चालू असताना कट-ऑफ ओढा. ही शेवटची कसोटी भाराविना, वर्षातून एक-दोनदा पुरे. भाराखाली कट-ऑफ तोडणं हे संकटातलंच काम. ही सगळी परीक्षा घाटात जायच्या आधी, घरच्या दारात.

आणि डोळ्यांचं? दोराचं हुक गाडीजवळ येतं तो शेवटचा दीड-दोन मीटर चालकाच्या सीटवरून दिसतच नाही, बॉनेट आड येतं. तिथं केबिनमधून ओढायचं नाही. निवड हँडसेटवर, आणि बाहेरच्या माणसानं हातभर वायर सोडून, लांब उभं राहून, बघत-बघत गुंडाळायचं. बोटं रोलरमध्ये जातात ती याच टप्प्यावर. त्याआधीच्या ओढण्यात खूण करणारा एकच माणूस ठरवा आणि 'थांब'ची खूण मात्र कुणीही केली तरी मानायची.

प्रश्न आला आहे: "वायरलेस रिमोट असेल तर हे सगळं लागतं का?" लागतं. रिमोटचा रिसीव्हर हा बारीक परिपथातला आणखी एक हुकूम देणारा, एवढंच. बाजारातून आणून बसवताना तो बहुतेक वेळा थेट बॅटरीवरून वीज घेतो, म्हणजे मास्टर आणि निवड दोन्हींना वळसा घालतो. त्याची लाल वायर काढून निवडीच्या स्विचच्या 'हँडसेट' बाजूला जोडा. मग केबिनवर निवड असताना रिमोटचं बटण दाबून बघा. ढोल हलला नाही, तर जोडणी बरोबर आहे.